खेळाची तासिका कापून शिस्त येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या नातीच्या शाळेत पालकसभा होती. सून कामावर असल्यामुळे तिच्याऐवजी मी गेले. शाळा शहरातली, खासगी. नात तिसरीत शिकते. सभेत एका पालकांनी अशी सूचना मांडली की, आठवड्यातील शारीरिक शिक्षणाच्या तीन तासिकांपैकी दोन कमी करून त्या गणिताला आणि इंग्रजीला द्याव्यात. ही सूचना माझ्या कानांना नवी नव्हती. नोकरीच्या तेहेतीस वर्षांत ती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. पण या वेळी तिला जोडलेले कारण ऐकून मात्र हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. ते गृहस्थ म्हणाले, "खेळाच्या तासानंतर मुलं अर्धा तास ठिकाणावर येत नाहीत. तो तासच कमी केला, तर वर्गाला आपोआप शिस्त लागेल." बहुतेकांनी माना डोलावल्या आणि मुख्याध्यापिकांनीही 'विचार करू' असे म्हणून सूचना वहीत टिपून घेतली.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये पहिली ते चौथीचे वर्ग शिकवून निवृत्त झाले. शारीरिक शिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही. आमच्या द्विशिक्षकी शाळांत भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला आणि खेळ हे सारे एकाच शिक्षकाच्या वाट्याला येते, आणि त्यातला खेळ मी आधी नाइलाजाने व पुढे आवडीने शिकवला. त्या अनुभवाच्या आधारावर मला असे म्हणायचे आहे की, सहा ते दहा वर्षांच्या मुलाला शिस्तीचा खरा सराव मिळण्याची शाळेतली जागा मैदान हीच आहे. ती जागा काढून घेतली तर वर्ग काही काळ शांत दिसेल, पण त्या शांततेला शिस्त म्हणता येणार नाही.

आपल्याकडे 'शिस्तीचा वर्ग' म्हटले की हाताची घडी, तोंडावर बोट हे चित्र डोळ्यांसमोर येते. बाई वर्गात असेपर्यंत ते टिकते आणि बाई कार्यालयात गेल्या की दोन मिनिटांत मोडते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. कारण त्या शांततेचा ताबा मुलांकडे नसतो, बाईंकडे असतो. शिस्तीचा मला कळलेला अर्थ याहून साधा आहे. मनात आलेली उर्मी क्षणभर आवरता येणे, आपली पाळी येईपर्यंत थांबता येणे, सर्वांनी मान्य केलेला नियम आपल्याविरुद्ध गेला तरी पाळता येणे आणि हरल्यावर दुसऱ्या डावासाठी पुन्हा उभे राहता येणे. यांतली एकही गोष्ट उपदेशाने येत नाही. पाढे जसे म्हणून म्हणून पाठ होतात, तशी ही सवयही करून करूनच अंगात मुरते, आणि ती करून पाहण्याची संधी फळ्यासमोर बसलेल्या मुलाला फारशी मिळत नाही.

आपल्या साध्या खेळांकडे या दृष्टीने पाहावे. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ पहिलीतली मुलेही खेळतात. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटले तर हात वर करायचा. नुसते 'हात वर' म्हटले तर करायचा नाही. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो, पण सहा वर्षांच्या मुलासाठी तो कठीण असतो. कानावर शब्द पडताच हात आपोआप निघतो आणि तो अर्ध्यावर आवरून धरावा लागतो. जूनमध्ये माझ्या पहिलीच्या वर्गातली जवळजवळ सगळी मुले पहिल्या चार-पाच सूचनांतच फसत. दिवाळीपर्यंत त्याच मुलांना फसवण्यासाठी मला वेगवेगळ्या युक्त्या शोधाव्या लागत. प्रश्न पूर्ण विचारून होण्याआधीच उत्तर ओरडून टाकण्याची सवयही याच मुलांची, याच काळात कमी झालेली मी पाहिली आहे.

विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य आहे त्याने शिवून 'विष' दिले की मुलाने जागच्या जागी बसायचे आणि आपल्यातला कोणी येऊन 'अमृत' देईपर्यंत हलायचे नाही. वर्गात पाच मिनिटे एका जागी न बसणारा मुलगा इथे धुळीत मांडी घालून निमूटपणे बसतो, कारण त्याच्या बसण्याला आता अर्थ आहे आणि सुटकेची वाट सवंगड्याच्या हातात आहे. लंगडीत तर याहून सूक्ष्म गोष्ट घडते. लंगडी घालणाऱ्याचा दुसरा पाय जमिनीला टेकला की तो बाद. पण धुळीच्या मैदानावर, वीस मुलांच्या पळापळीत पाय निमिषभर टेकला की नाही, हे बहुधा एकालाच नक्की माहीत असते, आणि तो म्हणजे लंगडी घालणारा. पंचाने पाहिले नसताना 'माझा पाय टेकला' असे म्हणून बाहेर पडणारे मूल ज्या दिवशी वर्गात तयार होते, त्या दिवशी त्या वर्गाला शिस्त लागली असे मी समजत असे.

खो-खोबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण या खेळाची पद्धतशीर नियमावली आपल्याच पुण्यात, डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तयार केली आणि तरीही त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या शाळांना अजून पुरता उमगलेला नाही. आठ गडी मधल्या पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खुंटापर्यंत पोचल्याशिवाय बदलता येत नाही. पळणारा गडी हातभर अंतरावर, पण पट्टीच्या पलीकडे असतो. चौथीतल्या मुलाला तिथे सरळ उडी मारावीशी वाटते. ती उडी न मारता त्याने काय करायचे, तर बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचे, त्याला उठवायचे आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे. म्हणजे गडी टिपण्याची संधी हातातोंडाशी आली असताना ती दुसऱ्याला देऊन आपण खाली बसायचे. बसलेल्यालाही 'खो' मिळण्यापूर्वी उठता येत नाही. तो घाईने उठला तर चूक धरली जाते आणि पाठलागाला उलट दिशेने जावे लागते, तेवढ्यात पळणारा निसटतो. चुकीची किंमत तिथल्या तिथे, सगळ्या संघाला मोजावी लागते आणि त्यासाठी कोणालाही ओरडावे लागत नाही. संयम, सहकार्य, जबाबदारी हे शब्द आम्ही परिपाठात सुविचार म्हणून फळ्यावर लिहितो. खो-खोच्या एका डावात मुले ते शब्द न उच्चारता वीस वेळा जगतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात शाळाशाळांतून अभिनंदनाचे फलक लागले. त्याच शाळांपैकी किती ठिकाणी खो-खोच्या मैदानाची आखणी झालेली आहे, हे फलक लावणाऱ्यांनी खिडकीतून डोकावून पाहायला हरकत नव्हती.

मी सांगते आहे तो नुसता एका निवृत्त शिक्षिकेचा जिव्हाळा आहे, असे कोणाला वाटू नये म्हणून दोन अभ्यासांचा उल्लेख करते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या दोनशेहून अधिक मुलांचे दोन गट केले आणि त्यांपैकी एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर रोज भरपूर धावायला-खेळायला लावले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार खेळणाऱ्या मुलांची लक्ष विचलित न होऊ देण्याची आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर मन वळवण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारली, आणि जी मुले जास्त दिवस हजर राहिली त्यांच्यात ती अधिक दिसली. 'शिवाजी म्हणतो' खेळताना हात आवरून धरणारी क्षमता ती हीच.

दुसरा अभ्यास २००४ सालचा, आणि तो माझ्या बाजूचा असूनही मला थोडा अडचणीत टाकणारा आहे. त्यात बालवाडी ते पाचवीच्या मुलांच्या एका गटाला तीन महिने तायक्वांदो शिकवले आणि दुसऱ्या गटाचे नेहमीचे शारीरिक शिक्षण चालू ठेवले. स्वतःवरचा ताबा, वर्गातील वागणूक, इतरांशी वर्तन आणि तोंडी गणित या सर्वांत तायक्वांदोच्या गटाने अधिक प्रगती केली. म्हणजे खेळाचा 'नेहमीचा' तास इथे मागे पडला. फरक शिकवण्याच्या रीतीत होता. तायक्वांदोच्या वर्गात मुलांना स्वतःला काही प्रश्न विचारायला शिकवले जाई: मी आता कुठे आहे, मी काय करतो आहे आणि मी काय करायला हवे? यावरून मी एवढाच बोध घेते की, मुलांना मैदानावर सोडले म्हणजे शिस्त लागली, असे होत नाही. शिट्टी वाजवून चेंडू टाकून देणारा आणि स्वतः झाडाखाली भ्रमणध्वनी पाहत बसणारा शिक्षक असेल, तर सभेतल्या त्या पालकांची तक्रार खरी ठरते.

आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. खेळून आलेली मुले घामेजलेली, तहानलेली आणि अर्धवट राहिलेल्या डावाबद्दल भांडत वर्गात शिरतात. हे टाळायचे तर तास संपवण्याची रीत सुधारावी लागते. मी शेवटची सात-आठ मिनिटे कधीच खेळासाठी ठेवत नसे. शिट्टी झाली की जिथे आहात तिथे बसायचे, डोळे मिटायचे आणि ऐकू येणारे आवाज मोजायचे: पाखरे, एसटीचा भोंगा, कोणाच्या तरी गोठ्यातली म्हैस. मग साहित्य उचलायचे, मोजून पेटीत ठेवायचे, रांगेने नळावर जाऊन पाणी प्यायचे आणि वर्गात यायचे. डावाचा निकाल काय लागला हे वर्गात बोलायचे नाही, हा मुलांनीच ठरवलेला नियम होता. शक्यतो ही तासिका मधल्या सुट्टीच्या आधी ठेवावी, म्हणजे उरलासुरला आवेश डबा खाताना निवतो. एवढे केल्यावर पुढच्या तासाला माझा वर्ग एरवीपेक्षा शांत असे, कारण अंगातली वळवळ बाहेर पडलेली असे.

आता माझ्याच एका चुकीबद्दल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तिसरीच्या वर्गात मारामारी होऊन एका मुलाची पाटी फुटली. मी संतापून आठवडाभर खेळ बंद केला. मला वाटले, आता पोरांना धडा मिळेल. गुरुवारपर्यंत वर्गात चार नवी भांडणे झाली. ज्यांनी मारामारी केली नव्हती ती मुले मारामारी करणाऱ्यांवर राग काढू लागली आणि ज्या दोघांमुळे हे घडले, त्यांना आपण काय केले याचा विसरही पडला. शनिवारी माझ्या सोबतच्या वयस्कर गुरुजींनी मला विचारले, "बाई, पोराला गणित आलं नाही, तर तुम्ही गणिताचा तास बंद करता का?" मला उत्तर देता आले नाही. वर्गातल्या गोंधळाची शिक्षा म्हणून खेळाची तासिका काढून घेणे ही आजही सर्व प्रकारच्या शाळांत रुळलेली रीत आहे, आणि ज्या मुलाला त्या सरावाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याच वाट्याचा खेळ तीमुळे सर्वांत आधी जातो.

याच्या उलट दिसणारी, पण तितकीच घातक रीत म्हणजे व्यायामच शिक्षा म्हणून देणे. 'वीस उठाबशा काढ', 'मैदानाला पाच फेऱ्या मार' हे शब्द आपल्यापैकी कोणाच्या कानावर पडलेले नाहीत? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे, त्यामुळे कायद्याने तर हे चुकीचेच आहे. पण त्यापलीकडे, धावणे हा अपराधाचा दंड आहे असे एकदा मुलाच्या मनाने घेतले की पुढे आयुष्यभर ते स्वतःहून धावायला जाईल, ही आशा सोडून द्यावी. गणित न आल्याबद्दल कविता पाठ करायला लावणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. त्या मुलांना पुढे कवितेची गोडी लागली असेल, असे मला वाटत नाही.

शिस्त आणि शारीरिक शिक्षण म्हटले की अनेकांना कवायत आठवते. सावधान, विश्राम, कदमताल, संचलन. कवायतीचे महत्त्व मी नाकारत नाही. चारशे मुले एका ठेक्यावर हात वर नेतात तेव्हा त्यांतल्या प्रत्येकाला आपण कोणत्या तरी मोठ्या गोष्टीचा भाग आहोत असे वाटते, आणि लेझमीच्या पथकात एकाचाही हात चुकला तर तो खणखणाटातून सर्वांना कळतो, ही शिकवण मोलाची आहे. लेझमीचा 'चार आवाज' हा साधा प्रकारही दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय बसत नाही. पण कवायतीत हुकूम बाहेरून येतो आणि मूल तो पाळते. खेळात नियम आतून पाळावा लागतो आणि निर्णय क्षणोक्षणी मुलाला स्वतः घ्यावा लागतो. पहिली-दुसरीच्या मुलांना भर उन्हात वीस मिनिटे 'सावधान'मध्ये उभे करून पाहुण्यांची भाषणे ऐकवणे, आणि एखादे मूल भोवळ येऊन पडले की त्याला कांदा हुंगवणे, यात मला तरी शिस्तीचे शिक्षण दिसत नाही. लहान वयात कवायत थोडी आणि खेळ भरपूर, असे प्रमाण असावे.

खेळांची निवडही विचार करून करावी लागते. संगीत खुर्चीसारख्या खेळात जे मूल सर्वांत मंद, बुजरे किंवा स्थूल असते ते पहिल्याच फेरीत बाद होते आणि उरलेला तास कडेला बसून काढते. म्हणजे सरावाची गरज त्याला आणि सराव मिळतो चपळांना. विषामृतात बाद झालेला पुन्हा खेळात येतो, म्हणून मी तो खेळ अधिक घेत असे. तालुकास्तरीय स्पर्धा जवळ आल्या की अनेक शाळांतून मैदान दहा-बारा निवडक मुलांच्या ताब्यात जाते आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवण्याचे काम उरते. चौथीनंतर मुलींना 'आता मोठी झालीस' म्हणून कडेला बसवणारे पालक आणि कधी कधी शिक्षिकाही मी पाहिल्या आहेत. शिस्त सर्वांनाच हवी असेल, तर मैदानही सर्वांनाच मिळाले पाहिजे.

एका मुलाची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसरीतला हा मुलगा कधीही बाद होत नसे, म्हणजे होत असे पण मान्य करत नसे. "बाई, मी न्हाई बाद" हे त्याचे पालुपद. पहिल्या सत्रात मी प्रत्येक वेळी निवाडा करत असे आणि प्रत्येक निवाड्यानंतर तो रडून मैदान डोक्यावर घेत असे. पुढे मी ठरवले की आपण बोलायचे नाही. त्याने हट्ट धरला की मुले जागच्या जागी बसून राहत. कोणी त्याला चिडवायचे नाही, मारायचे नाही, एवढेच माझे सांगणे होते. खेळ थांबलेला, चोवीस मुले बसलेली आणि हा एकटा उभा. पहिल्या दिवशी अख्खा तास तसाच गेला आणि मला वरिष्ठांची भेट त्याच दिवशी होऊ नये अशी मनोमन प्रार्थना करावी लागली. तिसऱ्या दिवशी तो पाच मिनिटांत बाहेर पडला. नाताळच्या सुमारास एकदा लंगडी घालताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "टेकला माझा." कोणीही पाहिले नव्हते. यानंतर तो आदर्श विद्यार्थी झाला, असे मी सांगणार नाही. गृहपाठ त्याने चौथी सुटेपर्यंत कधी वेळेवर आणला नाही. पण वर्गात चूक झाली की 'मी नाही केलं' म्हणणे त्याने सोडले, आणि ते मी त्याला शिकवलेले नव्हते.

आता शासनाकडे वळते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान आणि प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य असावे, असे म्हटले आहे. शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही शंभराहून अधिक मुले असतील तरच आहे. पहिली ते पाचवीसाठी ती नाहीच. त्याच कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. ग्रामीण शाळांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०१८ च्या अहवालानुसार देशातील केवळ ५.८ टक्के प्राथमिक शाळांत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता. उच्च प्राथमिक शाळांत हे प्रमाण ३०.८ टक्के होते. गंमत अशी की त्याच पाहणीत दहापैकी सुमारे आठ शाळांना आवारात किंवा जवळपास मैदान उपलब्ध असल्याचे आढळले. मैदान आहे, मुले आहेत आणि मधला माणूस नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत काढून टाकायला सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी, अशी आहे. आपण आठवड्यातल्या तीन तासिकांपैकी दोन कापण्याच्या चर्चा करतो आहोत.

हे सर्व महाराष्ट्राला शिकवायला बाहेरून कोणी यावे, अशी आपली परंपरा नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांवर मुंबई सरकारने १९३७ मध्ये प्रांतातील शारीरिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या समितीची धुरा सोपवली, आणि पुढच्याच वर्षी कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था उभी राहिली. या विषयासाठी शिक्षक वेगळा तयार करावा लागतो, हे ज्या प्रांताला स्वातंत्र्याच्या नऊ वर्षे आधी उमगले होते, त्याच प्रांताच्या प्राथमिक शाळांत आज तो शिक्षक शोधावा लागतो.

प्रत्येक वस्तीशाळेला स्वतंत्र क्रीडाशिक्षक द्या, अशी मागणी मी करणार नाही. ती पुरी होणार नाही हे मला माहीत आहे. परंतु एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, दहा-बारा शाळांसाठी मिळून एक प्रशिक्षित निदेशक नेमणे आणि त्याने आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत जाऊन मुलांबरोबरच तिथल्या शिक्षकांनाही तयार करणे शक्य आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दरवेळी माहितीचे तक्ते भरण्याविषयी जितका वेळ बोलले जाते, त्यातली वीस मिनिटे शिक्षकांनी स्वतः मैदानावर उतरून एक खेळ खेळून पाहण्यासाठी ठेवली, तरी वर्षाकाठी आठ-दहा खेळ प्रत्येकाच्या पदरी पडतील. साहित्यासाठी पैसा लागतो ही सबब मला पटत नाही. चुन्याची एक पिशवी, सुती दोरी, चार रबरी रिंगा, सात चपट्या दगडांची लगोरी आणि एक शिट्टी एवढ्यावर मी कित्येक वर्षे काढली. राज्यात 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. पण खेळातून घडणारी सवय आठवड्यातल्या एका दिवसाने लागत नाही. सलग तासिका नसेल तर रोजची वीस मिनिटे चालतील, पण ती रोज हवीत आणि चाचणी परीक्षा जवळ आली म्हणून उडवलेली नसावीत.

पालकांनाही एक विनंती आहे. पुढच्या सभेत गुणपत्रिकेबरोबर एवढे विचारावे की, माझ्या मुलाने गेल्या महिन्यात कोणकोणते खेळ खेळले, त्याला हरता येते का, आणि त्याची खेळाची तासिका कोणत्या कारणाने किती वेळा रद्द झाली. या प्रश्नांची उत्तरे ज्या शाळेकडे तयार असतील, तिथल्या वर्गाच्या शिस्तीची काळजी करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

नातीच्या शाळेची पुढची सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे आणि त्यात वेळापत्रकाचा विषय पुन्हा येणार आहे. मी जाणार आहे. त्याआधी आमच्या तालुक्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेने बोलावले, तर शनिवारी सकाळी येऊन शिक्षकांना पंधरा-वीस खेळ प्रत्यक्ष घेऊन दाखवण्याची माझी तयारी आहे. मानधन नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, त्यामुळे लंगडी मला घालून दाखवता येणार नाही, ती शिक्षकांनाच घालावी लागेल. मैदानावरचे खडे मात्र आदल्या दिवशी वेचून ठेवावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सातारा